मोकळा पट्टा

उदयसिंहाने सेलमहून पार्सल धाडलं तेव्हा रंगूबाईला वाटलं, भांडी असतील. पोरगा गलाईवाला. विट्याच्या आसपासच्या बऱ्याच घरांतला एकेक गडी जुनं सोनं आटवायला मुलूख सोडून गेलाय, तसा तोही तमिळ मुलखात दुकान टाकून बसलेला. वर्षातून दोनदा यायचा आणि मधल्या काळात घरावरची माया खोक्यांत भरून पाठवायचा. मिक्सर आला, कुकर आला, एकदा तर कपडे वाळत घालायचा लोखंडी घोडा आला. अंगणात दोरी असताना तो कुणाला लागत नव्हता. आता त्याच्यावर कोंबड्या बसायच्या.

या खेपेला खोक्यातून दोन हेल्मेटं निघाली. सायकलची. एक लाल, लहान, नातीसाठी, क्रांतीसाठी. एक काळं, मोठं, नवऱ्यासाठी, हंबीररावांसाठी.

हंबीररावांनी काळं उचललं, बोटाने टिचकी मारून पाहिली. “हे तर थर्माकोलचं टोपलं. आन भोकं कशाला ठिवल्यात?”

“वारं जायला, आबा,” क्रांती म्हणाली.

“तुमाला काय गरज?” रंगूबाई चुलीपासून म्हणाली. “तुमच्या डोस्क्यात आदीच खेळतंय की वारं.”

हंबीररावांनी ते मनावर घेतलं नाही. चाळीस वर्षं संसार केलेला माणूस बायकोचं प्रत्येक बोलणं मनावर घेत बसला तर त्याला जेवायला वेळ मिळणार नाही, हे त्यांना कळलेलं होतं.

हेल्मेट पाठवायला कारण घडलं होतं. उदयसिंहाच्या दुकानासमोर एक पोरगा सायकलवरून पडला होता. फोनवर सांगताना उदयसिंह एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, “आई, डोकं सोडून सगळं धड होतं गं त्याचं.” ते वाक्य त्याच्या बायकोने, पूजानं ऐकलं आणि मनात घट्ट गाठ मारून ठेवलं. कारण क्रांती रोज पहाटे सायकलवरून विट्याला जायची, मुलींच्या कुस्ती केंद्रात. शेजारून आजोबांची सायकल. दिवस उसाच्या हंगामाचे. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून रस्त्याच्या मधोमध चालायचे, आणि गळालेल्या उसाच्या कांड्या सडकेवर पडत जायच्या.

पूजा उंबऱ्याच्या आत उभी होती, डोक्यावर पदर, नजर फरशीवर. हंबीरराव तिच्यापासून तीन हातांवर बसले होते. ती म्हणाली, “आत्या, आबांना म्हणावं, उद्यापास्नं दोघांनी बी घालायचं. बिनहेल्मेटची सायकल मी दारातनं बाहीर जाऊ देणार न्हाई.”

सासूला आत्या म्हणायचं आणि सासऱ्याशी थेट बोलायचं नाही, ही त्या घरची रीत. निरोप सासूमार्फत जायचा. सासरा समोर बसून सगळं ऐकत असला तरी रंगूबाईला तो पुन्हा सांगावा लागायचा.

“आयकलंसा?” रंगूबाई म्हणाली.

“आयकलं,” हंबीरराव म्हणाले. “तिला सांग, बघतो.”

रंगूबाईचा बाप सांगलीच्या हळदीच्या पेठेत तोलाईला होता. लहानपणी ती काट्याशेजारी बसून दिवसचे दिवस पारडी बघायची. ते काही तिच्या डोळ्यांतून गेलं नाही. माणूस समोर आला की त्याचं देणं एका पारड्यात आणि घेणं दुसऱ्या पारड्यात आपोआप पडायचं. सून, उदाहरणार्थ: शिवण चांगलं, हात चालता, बोलणं कमी, पण एकदा धरलं की सुटत नाही. नात: तशीच. नवरा: हे वजन तिने चाळीस वर्षांत बऱ्याचदा केलं होतं, आणि काटा कधी एका बाजूला स्थिर राहिला नव्हता.

लाल हेल्मेट क्रांतीच्या डोक्यावर असं बसलं की जणू तिच्याच मापाने केलं होतं. वेणी मागच्या फटीतून बाहेर आली, हनुवटीखाली क्लिप लागली, टक. पोरगी आरशात बघून आली आणि आजोबांसमोर उभी राहिली. “आता तुमी, आबा.”

हंबीररावांनी ते आधी टोपीवरच ठेवलं. ते डब्यावर दुसऱ्याच डब्याचं झाकण ठेवावं तसं उंचावर डुगडुगलं. क्रांती हसून खाली बसली. मग टोपी काढली. मागची चक्री फिरवून घेरा सैल केला. डोकं आत गेलं. राहिले पट्टे. दोन्ही बाजूंना दोन-दोन पट्टे, एक कानाच्या पुढून, एक मागून, आणि कानाच्या पाळीखाली दोन्हींचा मिलाप. कान मधल्या मोकळ्या जागेत राहावा, अशी करणाऱ्याने सोय केलेली. पण करणाऱ्यासमोर कान होता साध्या माणसाचा.

हंबीररावांचे कान पैलवानाचे. उजवा जरा बरा. डावा म्हणजे आवळलेली मूठच. ना त्याला घडी, ना पाळी, सगळा एक गोळा, डोक्यापासून वेगळा बाहेर आलेला. तरुणपणी कुंडलच्या मैदानात मोठ्या जोडीची कुस्ती झाली तेव्हा तो रगडला गेला. आत रक्त साकळलं. डॉक्टर म्हणाला, सुईने काढून टाकू. त्यांच्या वस्तादांनी डॉक्टरचा हात बाजूला केला. कान मोडला की पोरगं पैलवान झालं, असं तालमीत मानतात. रक्त तिथंच वाळलं आणि हाडासारखं घट्ट झालं.

त्या कानाने त्यांना खूप दिलं. एसटीत उभे राहिले की पोरं कान बघून जागा द्यायची. कुठल्याही यात्रेत फडाच्या पुढच्या रांगेत बोलावणं यायचं, ओळख सांगावी लागायची नाही. लग्नात फेटा बांधणारा बाकीच्यांचे कान झाकायचा, यांचे मात्र मुद्दाम बाहेर ठेवायचा. हे सगळं गाव बघायचं.

गाव बघायचं नाही ते रंगूबाई बघायची. डाव्या कुशीवर त्यांना झोपता यायचं नाही. फोन त्या कानाला लागायचा नाही. चष्म्याची काडी बसेना म्हणून त्या बाजूला दोरा होता आणि तो टोपीत खोचलेला असायचा. थंडी पडली की कान ठणकायचा, मग ती मिठाची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेकायची, दार लोटून. पैलवानाने कान दुखतो म्हणायचं नसतं. दुखतो म्हणाला की मिरवायचा काय?

तर हंबीररावांनी क्लिप लावली, टक, आणि डाव्या बाजूचा पट्टा नेमका त्या गोळ्यावरून ताणला गेला. ते हलले नाहीत. फक्त उजव्या हाताची बोटं मांडीवर आवळली. ते रंगूबाईने पाहिलं. मग त्यांनी क्लिप सोडली, हेल्मेट खाली ठेवलं आणि म्हणाले, “बसत न्हाई.”

“आत्या, आबांना म्हणावं, नवं हाय म्हणून आवळतंय. घालत ऱ्हायल्यावर सैल हुईल.”

“बसत न्हाई म्हंजी बसत न्हाई.”

क्रांतीने आपलं हेल्मेट काढून त्यांच्या हेल्मेटशेजारी ठेवलं. “आबा न्हाई तर मी बी न्हाई. केंद्रातल्या पोरी म्हणतील, आजा पैलवान आन नात काचेची.”

“मग सायकल बंद,” पूजा म्हणाली. हे तिने कुणामार्फत सांगितलं नाही. “आन सायकल बंद म्हंजी तालीम बी बंद.”

साताऱ्याला निवड चाचणी होती, महिनाअखेरीला. केंद्रातल्या प्रशिक्षकांनी क्रांतीचं नाव धरलं होतं. तिच्या वजनात विट्यात तिला तोड नव्हती. ती घोड्यावरची कोंबडी हाकलून परसात गेली.

दोन दिवस सायकली दारात उभ्या राहिल्या. घरात सगळे एकमेकांना ताट वाढत होते, पाणी देत होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. तिसऱ्या पहाटे हंबीरराव उठले, काळं हेल्मेट डोक्यावर चढवलं, क्लिप लावली आणि म्हणाले, “उठ गं क्रांते. आवर.”

ऊन वर आल्यावर ते परतले तेव्हा क्रांतीच्या तोंडात फाट्यावरच्या गोष्टी मावत नव्हत्या. फाट्यावर लालासाहेबाचं चहाचं दुकान. लालासाहेबाने म्हणे चहाची किटली हातात धरूनच विचारलं होतं, “वस्ताद, कुस्ती सोडून किरकेट धरलं व्हय ह्या वयात?” रविवारी सांगलीहून घट्ट चड्ड्या घालून जे डॉक्टर लोक सायकली घेऊन येतात, त्यांच्यातलाच एखादा वाट चुकून पुढं आला असं त्याला आधी वाटलं होतं.

“मग आबा काय म्हणालं?” पूजानं विचारलं.

“आबा म्हणालं, वय तुजं बी झालं लालासाहेब, पर तुज्या च्यात अजून दम आला न्हाई.”

क्रांती हसत होती, पूजासुद्धा पदराआड हसली. हंबीरराव मात्र सरळ आतल्या खोलीत गेले. रंगूबाई मागोमाग गेली आणि दार लोटलं. डावा कान लालबुंद, मागच्या बाजूला कातडी सोलवटलेली.

“हे काय करून घेतलंसा?”

“काय न्हाई. सवय नव्हती.”

“सांगा की सुनंला, दुखतंय म्हणून. मी सांगू?”

“अजाबात न्हाई.” ते भिंतीकडे तोंड करून बसले. “सबंध गावाला कान दावत फिरलो. आता सुनंला सांगू, पट्टा टोचतोय?”

रंगूबाई शेकत राहिली. हात शेकत होता आणि डोक्यात पारडी हलत होती. एका बाजूला नातीची तालीम, सुनेचा शब्द, पोराची हौस. दुसऱ्या बाजूला ही सोललेली कातडी आणि नवऱ्याची लाज. दोन्हीकडचं वजन खरं. अशा वेळी तिचा बाप काय करायचा, तर दोन्हीकडून थोडं थोडं काढायचा. तिनेही काढलं.

“आसं करा. डोक्यावर ठेवायचं, बांदायचं न्हाई. पट्टं वर आत खवायचं. लांबनं कुणाला कळतंय? सून खूश, पोरगी खूश, कान बी मोकळा.”

“ही लबाडी झाली, रंगू.”

“कुणाची? तुमी काय पडताय? सबंध जनमात कुनी पाडलं तुमाला?”

ही शेवटची गोष्ट खरी नव्हती, पाडणारे दोन-चार जण अजून हयात होते. पण पैलवानाला ती ऐकून बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून हंबीरराव पट्टे वर खोचून जाऊ लागले. हेल्मेट जरा मागे सरकलेलं असायचं, फेट्यासारखं, आणि दोन्ही कान मोकळे. ते त्यांना शोभूही लागलं. पूजाने अंगणात आजा-नातीचा फोटो काढून सेलमला पाठवला. उदयसिंहाने तो दुकानात लावला म्हणे. घरात बोलाचाल सुरू झाली. रंगूबाई मनात म्हणाली, बघा, वजन करायला यावं लागतं.

एका पहाटे ती पाणी तापवत होती. सायकली निघाल्या तशी ती सवयीने दारात आली. अंगणातल्या दिव्याखाली क्रांती वाकून चेन चढवत होती, आणि तिच्या हेल्मेटचे पट्टे हनुवटीखाली नव्हते. वर आत खोचलेले होते, नीट, घडी घालून. हेल्मेटही जरा मागे सरकवलेलं. अगदी आबांसारखं.

रंगूबाईने ते पाहिलं. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबली. हाक मारावी तर पूजा जागी होती, ती म्हणेल काय झालं, मग पोरगी म्हणेल आबा पण तसंच घालतात. संध्याकाळी एकटीला गाठून सांगू, असं ठरवून ती पाण्याकडे वळली. संध्याकाळी दूध काढायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. नंतर विसरली म्हणण्यापेक्षा, आठवण झाली की ती दुसऱ्या कामाला लागायची.

लालासाहेबाचा छोटा टेम्पो दारात येऊन थांबला तेव्हा पूजा मशीनवर ब्लाउज शिवत होती. आधी हंबीरराव उतरले, मग त्यांनी क्रांतीला धरून उतरवलं. कपाळावर भुवईच्या वर मोठी पट्टी, डोळा सुजून बंद, शर्टावर वाळलेलं रक्त. पूजा मशीन सोडून धावली. तिने पोरीला उचललं, तेरा वर्षांच्या पैलवान पोरीला, आणि आत नेलं.

“ऊस होता रस्त्यावर,” लालासाहेब खाली बघत सांगत होता. “चाक कांडीवर चढलं आन गेलं बाजूला. विट्यात दवाखान्यात नेलं लगीच. टाकं घातल्यात. फोटू काढला डोक्याचा, आत कायबी न्हाई म्हणालं डॉक्टर. दोन दिस उलटीवर, झोपंवर ध्यान ठिवा म्हणालं. आन सध्या तालीम न्हाई.”

सध्या तालीम नाही म्हणजे सातारा नाही.

हंबीरराव दारातच उभे होते. एका हातात काळं हेल्मेट, एका हातात लाल. रंगूबाईने लाल हातात घेतलं. फिरवून फिरवून बघितलं. त्याच्यावर एक ओरखडा नव्हता. रस्त्याकडेच्या गवताची दोन पाती भोकात अडकली होती, तेवढीच. पोरगी जमिनीला लागायच्या आधी ते आपलं वेगळं निघून गवतात जाऊन बसलं होतं. पट्टे अजून आत खोचलेलेच होते.

दुपारी पूजाने सेलमला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता, सगळ्यांना ऐकू यावा म्हणून.

“कसलं हेल्मेट धाडलंसा तुमी? हेल्मेट असून बी डोकं फुटलं पोरीचं. मग उपेग काय त्याचा?”

“आगं, चांगल्यातलं घेतलं हुतं.” उदयसिंहाचा आवाज रडवेला झाला होता. “मी त्या दुकानदाराकडं आत्ता जातो. सोडत न्हाई त्याला. क्रांती, बाळा, काय झालं नक्की? ते निगालं कसं?”

क्रांती आजीच्या मांडीवर पडली होती. उघड्या डोळ्याने तिने दाराकडे, आजोबांकडे पाहिलं. “क्लिप निसटली, पप्पा. आपआप.”

“म्हंजी क्लिपच खराब. बघतोच त्याला.”

“काय बघू नगा,” पूजा म्हणाली. “सायकल आता इकायची. आन कुस्ती बास झाली. हेल्मेट घालून बी आसं हुतंय तर घालायचं तरी काय पोरीनं? मला न्हाई ही काळजी झेपत.”

रंगूबाईने पोरीच्या केसांतून हात फिरवणं थांबवलं. हिशेब आता फार सोपा झाला होता, आणि म्हणूनच जड. एका परमुलखातल्या दुकानदाराच्या गळ्यात खोट पडत होती. पोराच्या मनात आयुष्यभर राहणार होतं, आपण खराब वस्तू धाडली. नातीची कुस्ती जात होती. आणि नात खोटं बोलत होती, आजोबांसाठी, डोळ्याची पापणी न हलवता. हे ती कुठं शिकली, ते विचारायला कुणाकडे जायची गरज नव्हती.

“उदय,” ती म्हणाली, “दुकानात जाऊ नगंस. क्लिप चांगली हाय. तिनं पट्टा बांदलाच नव्हता.”

“आज्जी,” क्रांती म्हणाली.

“गप. आजा बांदत न्हाई म्हणून तिनं बांदला न्हाई. आन आज्यानं बांदू नगा, नुसतं डोक्यावर ठेवा, आसं मी सांगितलं. पोरीचं पट्टं वर खवल्यालं म्या डोळ्यानं बघितलं. बघून गप बसले.”

फोनमधून सेलमच्या रस्त्याचा आवाज तेवढा येत होता. पूजाने सासूकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं ते रंगूबाईला जोखता आलं नाही, आणि जोखायची तिची हिंमतही झाली नाही.

“का पर, आत्या?” पूजा म्हणाली. “कशापायी सांगितलं आसं?”

रंगूबाईने दाराकडे, नवऱ्याकडे पाहिलं. उत्तर तिने द्यायचं नव्हतं. हंबीरराव दारातून आत आले आणि फरशीवर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कान दुखतो माजा,” ते म्हणाले.

मग त्यांनी बोट त्या गोळ्याकडे नेलं.

“पट्टा त्याच्यावरनं जातोय. डाव्या. पैल्या दिशी रगात आलं. तवापास्नं बांदला न्हाई. आदीपास्नंच दुखतोय, कुस्ती झाली तवापास्नं. थंडीत लय.” ते बायकोकडे वळले. “सुनंला सांग रंगू, पोरीची चूक न्हाई. पोरीनं माजं बघितलं.”

“आयकलंस?” रंगूबाई म्हणाली.

“आयकलं,” पूजा म्हणाली. आणि उठून मोरीत तोंड धुवायला गेली. ती बराच वेळ आली नाही. फोनवर उदयसिंह हळू आवाजात म्हणत होता, “आबा, मला सांगायचं की. मला काय ठावं.” हंबीररावांनी फोन उचलून उजव्या कानाला लावला आणि म्हणाले, “आता ठावं झालं न्हवं.”

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही पूजा सासूशी कामापुरतंच बोलली. रंगूबाईने ते मान्य केलं. तिच्याच मापाने बघितलं तर ते कमीच होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पूजा मशीन ओढून सोप्यात घेऊन आली. “आत्या, आबांना म्हणावं, काळं हेल्मेट घालून इथं उजेडाला बसा.”

हंबीरराव येऊन बसले. क्लिप लावायची नाही, नुसतं डोक्यावर, असं त्यांना रंगूबाईमार्फत सांगण्यात आलं. पूजाने टेप सासूच्या हातात दिली. सून सासऱ्याच्या कानाला हात लावणार नव्हती, पण ब्लाउज शिवणाऱ्या बाईला मापाशिवाय काम सुचत नाही. मग रंगूबाई कानाभोवती टेप धरायची आणि पूजा दोन हातांवरून सांगायची.

“आत्या, मागनं घ्या. न्हाई, तिथनं न्हाई. खाली.”

“हितनं?”

“आजून खाली. आबांना म्हणावं, मान हलवू नका.”

“तुमची सून म्हणतीया मान हलवू नगा.”

“हलवत न्हाई म्हणावं. तूच गुदगुल्या करतीस.”

क्रांती कॉटवरून एका डोळ्याने बघत होती आणि टाके ओढतील म्हणून हसू दाबत होती. पूजाने मान वर करून नीट पाहिलं. सासऱ्याच्या तोंडाकडे तिने लग्न झाल्यापासून असं बघितलं नव्हतं. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तिचं लक्ष नव्हतं.

“आत्या,” ती म्हणाली, “मागनं सगळा सोललाय वो.”

“आता तरी बरा हाय,” हंबीरराव म्हणाले. हे त्यांनी थेट तिला सांगितलं, आणि मग गोंधळून बायकोकडे पाहिलं.

दोन पट्टे जिथं मिळायचे तिथं एक छोटी प्लास्टिकची चिमटी होती. ती कुणी हलवून बघितली नव्हती. ती आजवर गोळ्याच्या बरोबर पोटावर बसत होती. पूजाने चिमटी उघडून पार खाली, जबड्याच्या कोपऱ्यापर्यंत ओढली, तसा पुढचा पट्टा गालावर सरकला. मागचा मात्र कानाला घासतच राहिला. तिथं तिने जुन्या लुगड्याच्या मऊ कापडाची, आत कापूस भरलेली गुंडाळी करून शिवली. घरात कापड तेच उरलं होतं, हिरवं, बारीक बुट्ट्यांचं. काळ्या हेल्मेटला एका बाजूने हिरवी झालर आल्यासारखं झालं.

“लालासाहेब काय म्हणंल आता,” हंबीरराव म्हणाले.

“आत्या, आबांना म्हणावं, लावून बघा.”

टक. ते तसेच बसून राहिले. रंगूबाई त्यांच्या उजव्या हाताकडे बघत होती. बोटं आवळली, मग थोडी सुटली.

“दुखतोय?” तिने विचारलं.

“दुखतोय. पर पैल्यासारका न्हाई.” थोड्या वेळाने म्हणाले, “विट्यापतुर जाईल. येताना बघू.”

सायकल विकायची नाही असं पूजा म्हणाली नाही. विकायची असंही पुन्हा म्हणाली नाही. साताऱ्याची चाचणी झाली त्या दिवशी क्रांती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवली नाही. तिच्या वजनात केंद्रातली दुसरी मुलगी गेली आणि निवडून आली. प्रशिक्षकांचा फोन आला, पुढच्या सालाला बघू म्हणाले. क्रांतीने फोन आजोबांच्या हातात परत दिला. त्यांच्याशीही ती त्या दिवशी बोलली नाही. आजोबा कॉटच्या पायथ्याशी बसून राहिले.

टाके निघाले. भुवईवर गुलाबी रेघ राहिली. डॉक्टरांनी परवानगी दिली त्याच्या दुसऱ्या पहाटे रंगूबाई पाणी तापवत होती. बाहेर चेनीचा आवाज आला तशी ती उठून दारात गेली नाही. चुलीपाशीच बसली आणि कान दिला.

पूजा अंगणात दिव्याखाली उभी होती. तिचा आवाज आला, “बघू.” आणि मग टक. ही क्रांतीची.

मग काहीच नाही. दूर सडकेवर ट्रॅक्टरचं गाणं जात होतं. रंगूबाईच्या हातातलं लाकूड तसंच राहिलं. हंबीररावांच्या घशातून एक बारीक हुंकार आला, जड पोतं उचलताना यावा तसा, आणि मग दुसरी टक.

सायकली निघाल्या. वळणापर्यंत चाकांचा आवाज तिने ऐकला. मग डब्यातून मूठभर खडे मीठ काढलं, फडक्यात बांधलं आणि तव्याशेजारी ठेवून दिलं. ऊन वर आलं की लागणारच होतं.